पाणबुड्यांचे निरोप आणि पृथ्वीभोवतीचे पट्टे

समुद्राच्या पोटात शिरलेल्या पाणबुडीशी बोलायचे कसे, हा प्रश्न जगातल्या सगळ्या नौदलांना पहिल्यापासून छळत आला आहे. खारे पाणी विजेचे चांगले वाहक आहे आणि म्हणूनच रेडिओलहरींचे शत्रू आहे. आपल्या मोबाइलची लहर समुद्रात काही मिलिमीटर गेली की संपते. लहर जितकी लांब, तितकी ती खोल जाते, हा त्यातला साधा हिशोब. म्हणून पाणबुड्यांना निरोप द्यायला अतिनिम्न वारंवारतेच्या, म्हणजे ३ ते ३० किलोहर्ट्झच्या लहरी वापरतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना व्हीएलएफ म्हणतात. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ विजयनारायणम् येथे आपल्या नौदलाचे ‘आयएनएस कट्टबोम्मन’ हे केंद्र आहे. ते १८.२ किलोहर्ट्झवर बोलते. या लहरीची लांबी सुमारे साडेसोळा किलोमीटर, म्हणजे एकच लहर पुण्याच्या स्वारगेटपासून पार लोणी काळभोरपर्यंत पसरावी, एवढी. अशी लहर पाण्यात दहा-वीस मीटर उतरते. निरोप मात्र फार हळू जातो. बोलणे, चित्र वगैरे काही नाही. नुसती सांकेतिक अक्षरे.

एवढी लांब लहर हवेत सोडायची तर खांबही तसेच लागतात आणि वीजही तशीच. ऑस्ट्रेलियाच्या वायव्य टोकाला, नॉर्थ वेस्ट केप येथे, १९६७ साली सुरू झालेले केंद्र दहा लाख वॉट शक्तीने १९.८ किलोहर्ट्झवर प्रक्षेपण करते. तिथला मधला मनोरा ३८७ मीटर उंच आहे. या केंद्राचे उद्घाटन पंतप्रधान हॅरोल्ड होल्ट यांनी केले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते समुद्रात पोहायला गेले ते परत आलेच नाहीत, आणि पुढे केंद्राला त्यांचेच नाव दिले गेले. समुद्राखाली निरोप पोचवणाऱ्या केंद्राला समुद्रात नाहीशा झालेल्या माणसाचे नाव! अमेरिकेच्या मेन राज्यात कटलर येथे याहून मोठे केंद्र आहे. रशिया, चीन, जर्मनी, जपान, सगळ्यांची आपापली केंद्रे आहेत आणि ती रात्रंदिवस चालू असतात.

या लेखाचा विषय समुद्रात जाणारा निरोप नाही. तोच निरोप आकाशात गळतो त्याचे काय होते, हा आहे.

जमिनीपासून साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर आयनांबराचा तळ लागतो. सूर्याच्या अतिनील किरणांनी तिथल्या हवेतले इलेक्ट्रॉन सुटे झालेले असतात. व्हीएलएफ लहर जमीन आणि हा तळ यांच्यामध्ये, पाटाच्या पाण्यासारखी, हजारो किलोमीटर वाहत जाते. पण पाट काही गिलावा केलेला नाही. विशेषतः रात्री, आयनांबराचा सर्वांत खालचा थर विरला की, थोडी लहर वर झिरपते. झिरपलेली लहर मग सरळ जात नाही. पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषेचा माग धरून ती कमानीसारखी वर चढते आणि दुसऱ्या गोलार्धात खाली उतरते. वाटेत तिला भेटतात ते व्हॅन ॲलन पट्टे.

१९५८ सालच्या ‘एक्सप्लोरर-१’ या अमेरिकेच्या पहिल्या उपग्रहावर जेम्स व्हॅन ॲलन यांनी कणमापक बसवला होता आणि त्यातून या पट्ट्यांचा शोध लागला, हे वाचकांना ठाऊक असेल. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या वेगवान प्रोटॉन व इलेक्ट्रॉनांची ती दोन कडी आहेत. आतले साधारण हजार ते सहा हजार किलोमीटर उंचीवर, बाहेरचे तेरा हजारांच्या पुढे. मध्ये बरीचशी मोकळी फट. इथला इलेक्ट्रॉन एकाच वेळी तीन कामे करतो. बलरेषेभोवती गिरक्या घेतो; त्याच बलरेषेवरून उत्तर-दक्षिण, मागावरच्या धोट्यासारखा, सेकंदाच्या काही अंशात येरझारा घालतो; आणि हे करता करता काही तासांत पूर्वेकडे सरकत पृथ्वीची प्रदक्षिणा पुरी करतो. येरझारा घालताना तो खाली कुठवर येतो, हे त्याच्या गिरकीच्या तिरपेपणावर अवलंबून असते. गिरकी पुरेशी आडवी असेल तर तो वरूनच परत फिरतो. ती थोडी उभी झाली की तो जास्त खाली येतो, आणि शंभर किलोमीटरच्या आसपास दाट हवेत शिरला की संपतो. पट्ट्यातून कायमचा गेला.

आपल्या लहरीचे काम इथेच. झोपाळ्यावर बसलेल्याला योग्य वेळी ढकलले तर थोड्या जोरातही झोका मोठा होतो, अवेळी ढकलले तर काहीच होत नाही. समोरून धावत येणाऱ्या इलेक्ट्रॉनला लहरीची वारंवारता वाढलेली भासते, जशी समोरून येणाऱ्या गाडीची शिट्टी चढी वाटते. ही भासणारी वारंवारता त्याच्या गिरकीच्या वारंवारतेशी जुळली की लहर त्याला दर गिरकीला योग्य वेळी ढकलते आणि गिरकीचा तिरपेपणा बदलतो. शक्ती अगदी क्षीण असली तरी मेळ जमला की परिणाम होतो. २० किलोहर्ट्झच्या आसपासच्या लहरींचा मेळ आतल्या पट्ट्यातल्या, काही दशके ते काही शे किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांशी जमतो. ही ऊर्जा उपग्रहांच्या पत्र्यावर विद्युतभार साठवायला आणि उपकरणे जुनी करायला पुरेशी आहे. प्रोटॉनांशी मात्र या लहरींचा मेळ जमत नाही. आतल्या पट्ट्याचा सर्वांत त्रासदायक भाग प्रोटॉनांचा, आणि तो आपल्या निरोपांना दाद देत नाही. ही गोष्ट पुढे लागणार आहे.

हे सगळे कागदावरचे झाले. ते खरे आहे हे कळले कसे, ती हकीकत मला जास्त आवडते, कारण तिची सुरुवात चोरून ऐकण्यापासून होते. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या खंदकातली टेलिफोनवरची बोलणी ऐकण्यासाठी जर्मन सैन्याने जमिनीत तारा पुरून त्यांना ध्वनिवर्धक जोडले होते. बोलण्याऐवजी अधूनमधून वरच्या पट्टीतून खाली घसरत जाणारी शीळ ऐकू यायची. सैनिक म्हणत, तोफगोळे उडत जातायत ते ऐकू येते. हाइनरिख बार्कहाउझेन या भौतिकीतज्ज्ञाने १९१९ साली या शिळांवर लिहिले. पण त्या येतात कुठून याचे उत्तर मिळायला १९५३ साल उजाडले. केंब्रिजमध्ये ओवेन स्टोरी या तरुण संशोधकाने दाखवले की, ही विजेच्या कडाडण्यातून निघालेली रेडिओलहर आहे. ती बलरेषेवरून हजारो किलोमीटर वर जाऊन येते आणि वाटेत उंच स्वर पुढे, खालचे स्वर मागे, असे तिचे पदर सुटत जातात. त्यासाठी तिथे वर, निर्वात समजल्या जाणाऱ्या जागेत, पुष्कळ इलेक्ट्रॉन असायला हवेत. उपग्रह उडण्याच्या चार वर्षे आधी एका माणसाने कानाने ऐकून अवकाशाची घनता काढली!

निसर्गाची वीज जे करते ते माणसाचा प्रक्षेपक करील का? अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे रॉबर्ट हेलिवेल यांनी त्यासाठी अंटार्क्टिका गाठले. तिथल्या सायपल केंद्रावर बर्फाच्या जाड थरामुळे अँटेना जमिनीपासून दूर राहते. म्हणून बर्फावर एकवीस किलोमीटर लांबीची तार पसरून त्यांनी १९७३ पासून काही किलोहर्ट्झचे सूर वर सोडले, आणि त्याच बलरेषेच्या दुसऱ्या टोकाला, कॅनडातल्या क्युबेकमधल्या रोबेर्व्हाल गावी, ते ऐकले. साधा एकसुरी आवाज तिथे पोचेपर्यंत कितीतरी पटींनी मोठा झालेला असे आणि त्याला नवे, चढते-उतरते स्वर फुटलेले असत. म्हणजे वरचे इलेक्ट्रॉन आपल्या सुराला प्रतिसाद देत होते. १९८२ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे नौदलाचे प्रक्षेपक काही सेकंद चालू, काही सेकंद बंद, अशा ठरावीक ठेक्यावर चालवले गेले, आणि वरून जाणाऱ्या उपग्रहाला इलेक्ट्रॉनांचे झडणेही त्याच ठेक्यात दिसले.

सर्वांत पक्का पुरावा मात्र अनायासे मिळाला. भूकंपाच्या आधी काही विद्युतचुंबकीय खुणा मिळतात का, हे पाहायला फ्रान्सने २००४ साली ‘डेमेटर’ नावाचा लहान उपग्रह सोडला. भूकंपाचे काय ते असो, पण त्याला सुमारे सातशे किलोमीटरवर इलेक्ट्रॉनांची एक बारीक रेघ वारंवार दिसू लागली. ऊर्जा शंभर ते सहाशे किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट, आणि उंच बलरेषेवर कमी ऊर्जा, खालच्या बलरेषेवर जास्त, असा नेमका क्रम. १९.८ किलोहर्ट्झच्या लहरीशी मेळ जमण्याचा जो हिशोब, तोच हा क्रम. रेघ सुरू होई ती ऑस्ट्रेलियाच्या त्या केंद्राच्या रेखांशापासून आणि पूर्वेकडे सरकत जाई, थेट दक्षिण अटलांटिकपर्यंत. तिथे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र दुबळे असल्याने ते ढिले झालेले इलेक्ट्रॉन खाली हवेत पडत. मग २००७ च्या उत्तरार्धात हे केंद्र काही महिने बंद राहिले. उपग्रह फिरतच होता. रेघ नाहीशी झाली. केंद्र पुन्हा सुरू झाले, रेघ परत आली. प्रयोगशाळेत बल्बचे बटण दाबून पाहावे तसा हा प्रयोग, फक्त बल्बच्या जागी पृथ्वीभोवतीचे कडे.

माझी पदवी वाणिज्य शाखेची. या विषयाचा नाद वीसेक वर्षांपूर्वी लागला, आणि त्याला फारसा खर्च येत नाही, हे घरच्यांना पटवणे सोपे गेले. लाकडी चौकटीवर तांब्याच्या तारेचे शंभरेक वेढे, एक छोटा ध्वनिवर्धक, आणि संगणकाचे साउंड कार्ड. या लहरींची वारंवारता आवाजाच्याच पट्टीतली असल्यामुळे साध्या कार्डालाही ती पकडता येते. पडद्यावर १८.२ ला कट्टबोम्मनची ठळक उभी रेघ दिसते, १९.८ ला ऑस्ट्रेलियाची. त्यात काय निरोप आहे ते अर्थातच कळत नाही, कळूही नये. शीळ ऐकायची तर मात्र गावाबाहेर लांब माळावर जावे लागते. कारण घराजवळ विजेच्या तारांची ५० हर्ट्झची घरघर आणि तिच्या पटींतले सगळे स्वर इतके दाटलेले असतात की त्याखाली आकाश बुडून जाते. ही घरघरही वर झिरपते, असे हेलिवेल यांनी १९७५ मध्येच मांडले होते. रविवारी कारखाने बंद असतात म्हणून चुंबकावरणातल्या लहरीही कमी होतात, असा दावा पुढे झाला आणि त्यावर वादही झाला. मला तो दावा कच्चा वाटतो. आठवड्याचा ठेका आकडेवारीत सहज भासतो.

आता बातम्यांत आलेली गोष्ट. मे २०१७ मध्ये नासाने जाहीर केले की, माणसाच्या व्हीएलएफ लहरींचा एक प्रचंड बुडबुडा पृथ्वीभोवती पसरलेला आहे आणि तो अवकाशातल्या किरणोत्सारापासून आपले संरक्षण करत असावा. २०१२ ते २०१९ या काळात फिरलेल्या व्हॅन ॲलन प्रोब्ज या जुळ्या उपग्रहांनी त्याआधी दाखवले होते की, बाहेरच्या पट्ट्यातले अतिवेगवान इलेक्ट्रॉन विषुववृत्तावर साधारण साडेअकरा हजार किलोमीटरच्या आत येतच नाहीत, जणू काचेची भिंत असावी. बुडबुड्याची बाहेरची कडही जवळपास तिथेच लागते. १९६० च्या दशकात, प्रक्षेपक थोडे असताना, पट्ट्याची आतली कड पृथ्वीच्या अधिक जवळ होती, असाही मुद्दा मांडला गेला. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत ‘रेडिओलहरींचे कवच’ असे मथळे आले.

माझ्या मते इथे जरा थांबावे. भिंतीचा शोध २०१४ साली ज्या डॅनियल बेकर आणि सहकाऱ्यांनी मांडला, त्यांनीच तेव्हा मानवी प्रक्षेपकांना त्याचे श्रेय दिले नव्हते. पृथ्वीजवळच्या थंड वायूत निसर्गतःच उमटणारी एक सळसळ इलेक्ट्रॉनांना हळूहळू झाडते, आणि आत सरकण्याचा वेगच फार मंद असतो, हा त्यांचा खुलासा. शिवाय अतिवेगवान इलेक्ट्रॉनांचा मेळ जमतो तो याहून खालच्या वारंवारतांशी. पाणबुड्यांच्या लहरी त्यांच्या कामाच्या नाहीत. साठच्या दशकाशी तुलना तर आणखी निसरडी आहे. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने पॅसिफिकमधल्या जॉन्स्टन बेटावर चारशे किलोमीटर उंचीवर १.४ मेगाटनचा अणुबाँब फोडला. ‘स्टारफिश प्राइम’ हे त्याचे नाव. त्यातले इलेक्ट्रॉन पट्ट्यात अडकून काही वर्षे टिकले. दुसऱ्याच दिवशी सोडलेला ‘टेलस्टार’ आणि ब्रिटनचा ‘एरियल-१’ त्यांच्यामुळे बिघडले. साठच्या दशकातला आतला पट्टा म्हणजे असा, बाँबने भरलेला. त्याच्याशी आजचा पट्टा ताडून प्रक्षेपकांचे कर्तृत्व काढायचे कसे?

कवचाच्या कल्पनेपेक्षा लहान, पण मोजून सिद्ध झालेली गोष्ट २०२० च्या सुमारास पुढे आली. व्हॅन ॲलन प्रोब्जच्या नोंदींत आतल्या पट्ट्याच्या इलेक्ट्रॉनांत ठरावीक ऊर्जेला एक खाच दिसते. एक पट्टा जणू दोन पदरांत दुभंगलेला. ती खाच प्रक्षेपकांच्या वारंवारतेवरून काढलेल्या हिशोबात नेमकी बसते. म्हणजे आपण पट्टा दूर ढकलला नाही; त्यात चर पाडला. चर आहे याबद्दल मात्र शंका उरलेली नाही.

मोठी अडचण अशी की, प्रक्षेपकांच्या आधीचा पट्टा कुणी पाहिलेलाच नाही. स्वीडनमधले ग्रिमेटोन केंद्र १९२४ पासून १७.२ किलोहर्ट्झवर बोलत होते, इंग्लंडमधले रग्बी १९२६ पासून १६ वर. ‘एक्सप्लोरर-१’ उडाला १९५८ साली. पट्टे सापडले तेव्हा त्यांच्यावर तीस वर्षे निरोपांचा मारा झालेला होता.

याच्या उलट उदाहरण आपल्या घरात आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत असे. सप्टेंबर १८५९ च्या महावादळाची तिथली नोंद आजही जगभर वापरली जाते. शतक बदलताना मुंबईत घोड्यांच्या ट्रामच्या जागी विजेची ट्राम आणायचे ठरू लागले. रुळांतून वाहणाऱ्या विजेने चुंबकसूची थरथरणार हे उघड होते. संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली खाडीपलीकडे अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. कोकणच्या काळ्या दगडात लोहचुंबकत्व असते, म्हणून इमारतीला पोरबंदरचा दगड आणला. आणि महत्त्वाचे हे की, ट्राम सुरू होण्याआधी, १९०४ ते १९०६, कुलाबा आणि अलिबाग अशा दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. त्यामुळे जुना आणि नवा आकडा एकमेकांशी जोडता येतो. विजेची ट्राम मुंबईत १९०७ साली धावली. ती गेली, अलिबाग अजून मोजते आहे. अवकाशातल्या पट्ट्यांना असे अलिबाग मिळाले नाही, आणि आता मिळणारही नाही.

या विषयावर बोलायला उभा राहिलो की दोन प्रश्न ठरलेले असतात. एक मोबाइलचा. मोबाइल, वायफाय, उपग्रह-वाहिन्या यांच्या लहरी गिगाहर्ट्झच्या घरातल्या. इलेक्ट्रॉनांच्या गिरकीच्या कित्येक पट वेगवान. त्या पट्ट्यांतून आरपार जातात, मेळ जमत नाही. दुसरा अलास्कातल्या ‘हार्प’चा. तिथल्या १८० अँटेना मिळून ३६ लाख वॉटची लघुलहर वर सोडतात. तिने आयनांबराचा एक तुकडा काही काळ तापतो, आणि बंद केले की तो लगेच निवतो. पाऊस आणि भूकंप तिथून घडवतात असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी एवढेच विचारतो की पाणबुड्यांचे प्रक्षेपक वर्षानुवर्षे अखंड चालू आहेत, त्याबद्दल त्यांनी कधी काही ऐकले आहे का. रेडिओने आयनांबर तापते हे तर १९३३ सालीच कळले होते. नेदरलँड्समध्ये टेलेगेन यांना स्वित्झर्लंडचे केंद्र ऐकताना मागे लक्झेंबर्ग रेडिओचा कार्यक्रम ऐकू येऊ लागला. जोरदार लक्झेंबर्गने तापवलेल्या हवेतून स्विस लहर जात होती आणि जाताना त्याचा ठसा घेऊन येत होती.

खरी चर्चा व्हायला हवी ती वेगळ्याच गोष्टीची. नकळत पट्ट्यातले कण झडतात, तर मुद्दाम का झाडू नयेत, असा विचार अमेरिकेत बरीच वर्षे चालू आहे. उद्या कुणी पुन्हा उंचावर बाँब फोडला आणि पट्टे भरून गेले, तर हजारो उपग्रहांना वाचवण्यासाठी अवकाशातूनच व्हीएलएफ सोडून ते रिकामे करायचे. २०१९ मध्ये अमेरिकी हवाई दलाने ‘डीएसएक्स’ हा उपग्रह सोडला, त्याची अँटेना टोकापासून टोकापर्यंत ८० मीटर होती. दोन वर्षे त्याने असेच प्रयोग केले. हेतू वाईट नाही. पण झाडलेले इलेक्ट्रॉन नाहीसे होत नाहीत, वातावरणाच्या वरच्या थरात पडतात आणि तिथे नायट्रोजनची अशी संयुगे तयार करतात जी ओझोन खातात. एकदम मोठ्या प्रमाणावर झाडले तर किती, हा हिशोब आधी व्हायला हवा. प्रोटॉन तर तरीही राहणारच. आणि पट्टा रिकामा करण्याचा निर्णय घेणार कोण? त्या पट्ट्याखालून सगळ्यांचेच उपग्रह जातात.

आपल्या कट्टबोम्मनचा या झाडलोटीत वाटा नगण्य आहे, आणि तो निव्वळ भूगोलामुळे. तिरुनेलवेली जवळजवळ चुंबकीय विषुववृत्तावर आहे. तिथल्या बलरेषा आडव्या आणि ठेंगण्या, पट्ट्यांपर्यंत चढतच नाहीत. तेलंगणात विकाराबादजवळ दामगुंडम येथे नौदलाच्या दुसऱ्या व्हीएलएफ केंद्राची पायाभरणी ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली. तेही असेच दक्षिणेला. त्याविरुद्ध जे आंदोलन झाले ते सुमारे २,९०० एकर जंगलासाठी आणि मुसी नदीच्या उगमासाठी, आणि त्या लोकांचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. अवकाशाबद्दल त्यात कुणी बोलले नाही.

तरी एक काम राहते. ऑस्ट्रेलियाच्या केंद्रावरून जाताना डेमेटरला आयनांबरही ढवळलेले दिसले होते. दामगुंडमच्या माथ्यावर काय होईल ते मोजायची सोय आपल्याकडे आहे. नवी मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे रडार कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या आवारात आयनांबराच्या तळाचीच टेहळणी करते, प्रयागराज आणि तिरुनेलवेली येथे तिची केंद्रे आहेत, कोलकात्यातले संशोधक कट्टबोम्मनची लहर वर्षानुवर्षे नोंदवत आले आहेत. केंद्र सुरू होण्याआधी दोन वर्षे आणि नंतर दोन वर्षे, एवढ्या नोंदी पुरतील. कुलाब्याहून अलिबागला जाताना मूस यांनी तेवढ्याच घेतल्या होत्या.